दप्तरात सापडलेली वस्तू आणि शाळेचा अधिकार

जूनच्या मध्यात शाळा उघडल्या की सूचनाफलकावर एक कागद हमखास चिकटतो. ‘विद्यार्थ्यांनी शाळेत मोबाईल आणू नये. आढळल्यास जप्त करून कडक कारवाई करण्यात येईल.’ खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. जालन्यापासून उमरग्यापर्यंत मजकूर जवळपास सारखाच. आणि पोळ्याच्या आत त्यावरून पहिलं भांडणही होऊन गेलेलं असतं. कुणाचा फोन सहामाही उलटली तरी परत मिळत नाही. कुणाच्या दप्तरात गुटख्याची पुडी निघते आणि दाखला हातात देण्याची भाषा होते. कुणाला प्रार्थनेच्या वेळी पुढं उभं करून फोटो काढला जातो. पालक विचारतात, शाळेला एवढा अधिकार दिला कुणी? शिक्षक म्हणतात, अधिकारच नसेल तर साठ पोरांचा वर्ग सांभाळायचा कसा?

दोघांचंही म्हणणं रास्त आहे. गोंधळ आहे तो फलकावरच्या मजकुरात. तिथं तीन वेगळे निर्णय एकाच दमात उरकलेले असतात. वस्तू काढून घेणं हा पहिला. मुलाला शिक्षा करणं हा दुसरा. आणि प्रकरण पोलिसांपर्यंत नेणं हा तिसरा. पहिल्या बाबतीत शाळेचा हात बराच मोकळा आहे. दुसऱ्यात तो बांधलेला आहे. तिसऱ्यात शाळेनं कळवायचं असतं, पुढचं कायदा बघतो. वस्तू काढून घेता येते म्हणून बाकीचंही सगळं करता येतं, असं गृहीत धरलं की भांडण पेटतं.

सगळ्या ‘बंदी’ वस्तू एका मापाच्या नसतात

तंबाखू, गुटखा, सिगारेट, दारू या वस्तूंची मनाई शाळेनं केलेली नाही, कायद्यानं केली आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखूचा कोणताही पदार्थ विकता येत नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, विक्रीच करता येत नाही. ‘तंबाखूमुक्त शाळा’ उपक्रमात रस्त्यावर मारलेली पिवळी रेघ असते ती याच अंतराची. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ई-सिगारेटच्या विक्रीवर, साठ्यावर आणि जाहिरातीवर २०१९ च्या कायद्यानं देशभर बंदी आली. आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ सांगतं की मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

यातलं एकही कलम त्या मुलाकडं बोट दाखवत नाही, बोट आहे ते देणाऱ्याकडं. सातवीतल्या पोराच्या खिशात पुडी सापडली तर कायद्याचा पहिला प्रश्न ‘ही तुला दिली कुणी’ हा आहे. शाळेत मात्र पहिला प्रश्न ‘बापाला बोलाव’ हा असतो, आणि फाटकासमोरची टपरी संध्याकाळी तशीच उघडी असते.

मोबाईलची गोष्ट वेगळी. घरी तो पूर्णपणे कायदेशीर आहे, त्याला मनाई आहे ती शाळेच्या नियमानं. सोन्याचे कानातले, रंगपंचमीच्या आधी आणलेले रंग, फटाके, हे सगळं याच खान्यात. मोटारसायकलची चावी वरवर याच खान्यातली वाटते, पण तिच्यामागं थेट कायदा उभा आहे. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नववीतल्या मुलाला गाडीवर शाळेत पाठवणाऱ्या घरांत हे क्वचितच ठाऊक असतं.

तिसरा प्रकार सगळ्यात नाजूक: वस्तू साधी, पण वेळकाळ पाहून धोक्याची. आठवीतल्या एका मुलीच्या दप्तरात खुरपं निघालं असं धरा. लाकडी मूठ, पात्याला वाळलेली माती, वर जुन्या फडक्याची गुंडाळी. शाळेच्या नियमात ‘धारदार शस्त्र आणणे’ असा शब्द आहे आणि नुसता शब्द पाहिला तर ती दोषी ठरते. पण सोयाबीनच्या खुरपणीचे दिवस आहेत. शाळा सुटली की ती घरी न जाता थेट आईकडं वावरात जाते. हेच खुरपं मधल्या सुट्टीत कुणावर उगारलं गेलं असतं तर प्रकरण पूर्ण बदललं असतं. वस्तू तीच राहते. बदलतो तो हेतू, वापर आणि धोका, आणि नियम लावायचा म्हणजे या तिन्ही गोष्टी पाहायच्या. खुरपं दिवसभर ऑफिसात ठेवून सुटीच्या वेळी परत देणं, आणि उद्यापासून सकाळीच ऑफिसात जमा कर म्हणणं, एवढ्यात हे मिटतं. त्यासाठी शेरेबुकात ‘शस्त्र बाळगले’ असं लिहिण्याची गरज नाही.

फोन काढून घेतला, मग तो कुणाचा झाला?

एसटी स्टँडजवळच्या सायकल स्टँडवर आपण सायकल लावतो तेव्हा तो माणूस चिठ्ठी देतो, सायकल सांभाळतो आणि चिठ्ठी दाखवली की परत करतो. तो सायकलवर बसून गावात हिंडत नाही, ती विकत नाही, ती हरवली तर ‘मला काय माहीत’ म्हणून सुटतही नाही. जप्त केलेल्या फोनच्या बाबतीत शाळेची जागा तीच आहे. वस्तू ताब्यात येते, मालकी येत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात ठेवीविषयी जे तत्त्व आहे, तेच इथं मार्गदर्शक धरावं: दुसऱ्याची वस्तू आपल्याकडं असेल तर शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूला जेवढा जपतो तेवढं तिला जपायचं.

परभणीकडच्या एका शाळेत मी पाहिलेली पद्धत मला फार योग्य वाटते. फोन घेतला की मुलासमोर बंद करायचा, खाकी पाकिटात घालायचा. पाकिटावर नाव, तुकडी, तारीख, आणि काचेला आधीच तडा असेल तर तसंही लिहायचं. त्यावर मुलाची सही, शिक्षकाची सही. नोंद वहीत, पाकीट लोखंडी कपाटात. वर्षअखेरीला ‘माझा फोन चांगला होता, तुम्ही फोडला’ हा वाद तिथं उभाच राहत नाही.

परत कधी द्यायचा, हे राज्यातल्या प्रत्येक शाळेला बांधील अशा एकाच आकड्यात सांगता येणार नाही. ते शाळेच्या नियमात आधी लिहिलेलं हवं. पहिल्या वेळी त्याच दिवशी, दुसऱ्या वेळी पालकांच्या हाती, असा चढता क्रम समजण्यासारखा आहे. ‘वर्षभर मिळणार नाही’ हे समजण्यासारखं नाही. आपल्याकडं पंधरा हजारांचा फोन बहुधा हप्त्यावर घेतलेला असतो. त्यावर बापाचं पीएम किसानचं खातं, पीकविम्याचे संदेश आणि धाकट्याच्या शाळेचा व्हॉट्सअॅप गटही असतो. तो वर्षभर अडकवला की शिक्षा भलत्याच माणसाला होते. आणि धडा शिकवायचा म्हणून सगळ्यांसमोर फोन फरशीवर आपटणं हे तर सरळ दुसऱ्याच्या मालाचं नुकसान आहे. शिक्षक असला तरी त्याला त्याची सूट नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीअखेर दिल्ली उच्च न्यायालयानं शाळकरी मुलांच्या स्मार्टफोनबद्दल काही तत्त्वं घालून दिली. सरसकट बंदी व्यवहार्य नाही, असं न्यायालयानं म्हटलं. फोन आणायला मज्जाव नको, पण सोय असेल तिथं तो सकाळी जमा करून घ्यावा. वर्गात वापर नको. शाळेत आणि शाळेच्या गाडीत फोटो-व्हिडिओ काढणं नको. नियम पालक, शिक्षक आणि तज्ज्ञांशी बोलून करावेत. मोडल्यास काय होईल ते स्पष्ट असावं, सगळ्यांना सारखं लागू असावं आणि फार कठोर नसावं. ठरावीक काळ फोन काढून ठेवणं न्यायालयालाही मान्य आहे. हा निकाल दिल्लीचा आहे, आपल्या शाळांना तो आदेश म्हणून लागू होत नाही. पण नियम लिहायला बसलेल्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला याहून चांगला कच्चा आराखडा शोधावा लागणार नाही.

सुरक्षिततेसाठी फोन जवळ असण्याचा मुद्दा आपल्या भागात जास्तच लागू पडतो. मानव विकासच्या निळ्या बसनं किंवा अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर एसटीनं येणारी मुलगी बस चुकली की फाट्यावर एकटी उभी असते. तिच्या घरच्यांनी दप्तरात साधा फोन टाकला असेल तर तो उनाडपणा नव्हे. अशा मुलींचे फोन सकाळी ऑफिसात जमा करून सुटल्यावर परत द्यायचे, एवढी सोय केली तरी नियमही टिकतो आणि मुलगीही सुखरूप घरी पोचते.

दप्तर तपासायचं का? फोन उघडायचा का?

पोलिसाला झडतीचा अधिकार कायद्यानं दिला आहे, आणि त्याच कायद्यानं त्याला अटीही घातल्या आहेत. स्त्रीची अंगझडती स्त्रीनंच, सभ्यता राखून घ्यायची, ही त्यातली एक. शिक्षकाकडं पोलिसासारखा झडतीचा अधिकार नाही. मुलांची काळजी घेण्याची जबाबदारी मात्र आहे, आणि त्या जबाबदारीपोटी तो ‘दप्तर उघडून दाखव’ म्हणू शकतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं. तो हक्क शाळेच्या फाटकावर काढून ठेवावा लागत नाही.

मर्यादा कुठं आखायची हे समजायला अमेरिकेतले दोन निकाल उपयोगी आहेत. तो कायदा आपला नाही, पण विचार नेमका आहे. न्यू जर्सीमध्ये चौदा वर्षांची एक मुलगी स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना सापडली. उपमुख्याध्यापकांनी तिची पर्स तपासली. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती तपासणी योग्य ठरवली: संशयाला ठोस कारण होतं आणि तपासणी त्या कारणाच्या प्रमाणात होती. अॅरिझोनातली दुसरी मुलगी तेरा वर्षांची. तिच्याकडं वेदनाशामक गोळ्या असल्याच्या संशयावरून तिला अंतर्वस्त्रांपर्यंत तपासलं गेलं. २००९ मध्ये त्याच न्यायालयानं हे घटनाविरोधी ठरवलं. संशय साध्या गोळ्यांचा आणि झडती अंगावरच्या कपड्यांची, याचा मेळच बसत नव्हता.

हाच मापदंड आपल्या वर्गात लावून बघा. दोघातिघांनी सांगितलं की अमक्याच्या दप्तरात पुडी आहे, तर त्याचं दप्तर वर्गाबाहेर, दुसऱ्या शिक्षकासमोर, त्याच्याच हातानं रिकामं करून घेणं ठीक. कुणाचे पन्नास रुपये हरवले म्हणून साठ मुलींचे खिसे चाचपणं ठीक नाही. कपड्यांना हात घालणं तर कोणत्याच कारणानं नाही, त्यातून पोक्सोसारख्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, गंभीर कायद्याचा प्रश्न उभा राहू शकतो.

फोनच्या आत काय आहे, हा आणखी वेगळा मामला. फोन काढून घेता येतो म्हणून गॅलरी उघडता येत नाही. ‘पासवर्ड सांग’ म्हणून धमकावून संदेश वाचणं हे शिस्तीच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरात शिरणं झालं. एखाद्या मुलीचे आक्षेपार्ह फोटो त्या फोनमध्ये आहेत अशी तक्रार असेल, तर फोन बंद करून पाकिटात घालायचा आणि पोलिसांना कळवायचं. पोक्सो कायद्यात असा गुन्हा कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्यालाच शिक्षा आहे. ते फोटो ‘पुरावा म्हणून’ स्वतःच्या फोनवर घेणं किंवा शिक्षकांच्या गटावर टाकणं हा नवा गुन्हा होतो. चांगल्या हेतूनं केला तरी.

कडक कारवाई म्हणजे किती कडक?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची दोन कलमं प्रत्येक शिक्षकानं आणि पालकानं पाठ करून ठेवावीत अशी आहेत. कलम १७ सांगतं की मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक छळही करायचा नाही. करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. छडी तर गेलीच, पण कोंबडा करणं, उन्हात उभं करणं, गळ्यात पाटी अडकवणं, ‘हा बघा चोर’ म्हणून वर्गावर्गातून फिरवणं, हेही त्यात बसतं. कलम १६ सांगतं की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी-आठवीत नापास करण्याची वाट मोकळी झाली, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच राहिली. त्यामुळं सहावीतल्या मुलाच्या बापाला बोलावून ‘तुम्हीच दाखला मागून घ्या, अर्जावर सही करा’ म्हणणं ही कलम १६ ला दिलेली बगल आहे. असा अर्ज पालकानं लिहून देऊ नये.

एक खुलासा इथं करायला हवा. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. म्हणून तिथं मारायला मोकळीक आहे असं मात्र नाही, मारहाणीविरुद्धचे सर्वसाधारण फौजदारी कायदे सगळीकडं सारखेच आहेत.

नववीपासून पुढं शाळेला थोडी जास्त जागा मिळते. तरी तिथंही तीन गोष्टी लागतातच: नियम आधी माहीत करून दिलेला असावा, मुलाला बाजू मांडायची संधी मिळावी, आणि शिक्षा चुकीच्या मानानं असावी. कायद्यात याला नैसर्गिक न्याय म्हणतात. साध्या भाषेत, ऐकून घेतल्याशिवाय निकाल नाही. १९८५ मध्ये केरळातल्या तीन मुलांना राष्ट्रगीत गायलं नाही म्हणून शाळेतून काढलं होतं. ती उभी राहत, आदर राखत, पण धार्मिक श्रद्धेमुळं गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. शिक्षण खात्याची नुसती परिपत्रकं मूलभूत हक्काला कात्री लावू शकत नाहीत, हे तेव्हा स्पष्ट झालं. फलकावरच्या कागदाचं वजन किती, याचा अंदाज त्यावरून यावा.

मग शाळेच्या हाती उरतं काय? बरंच काही. वस्तू ठेवून घेणं, लेखी समज देणं, पालकांशी बोलणं, मधल्या सुट्टीत वाचनालयात बसवणं, सहलीला किंवा संघात काही काळ न घेणं, शाळेच्या कामात मदत करायला लावणं, समुपदेशकाकडं पाठवणं. दंडाचे पैसे मागितले तर कोणत्या नियमानं, हे पालकानं लेखी विचारावं आणि पैसे दिलेच तर पावती घ्यावी.

‘पालकांना बोलवा’ हे मुलीच्या बाबतीत जपून

यावर मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण हे नियमाच्या कोणत्याही कागदावर लिहिलेलं सापडत नाही.

मुलाकडं फोन सापडला की बाप चार शिव्या देतो, फार तर दोन थपडा मारतो आणि प्रकरण मिटतं. नववीतल्या मुलीकडं फोन सापडला आणि त्यात कुणा मुलाचे संदेश आहेत असं शिक्षकांनी बापाला सगळ्यांदेखत सांगितलं, तर ती दुसऱ्या दिवशी शाळेत येईलच याची खात्री नाही. बीड, परभणी, जालना हे बालविवाहाचं प्रमाण जास्त असलेले जिल्हे आहेत. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पोर एकटी मागं ठेवायची भीती आधीच असते, त्यात शाळेनंच असं काही कानावर घातलं की ‘उजवून टाका’ म्हणणारे चार नातेवाईक लगेच गोळा होतात. शिक्षकांच्या मनात यातलं काहीच नसतं. त्यांनी नियम पाळलेला असतो. पण नियमभंगाची शिक्षा म्हणून फोन गेला की शाळाच गेली, हा हिशेब कुणीतरी आधी करायला हवा.

म्हणून मुलीच्या प्रकरणात आधी तिच्याशी एखाद्या बाईंनी एकटीशी बोलावं. घरी कुणाला सांगितलेलं चालेल, आई की मावशी, हे तिलाच विचारावं. पालकांना ‘वर्गात फोन आणला होता’ एवढंच सांगावं, संदेश शाळेनं वाचायचेच नव्हते म्हणून त्याबद्दल बोलायचाही प्रश्न नाही. त्यानंतर ती सलग गैरहजर राहिली तर वर्गशिक्षकानं घरी जाऊन यावं. लग्नाची कुणकुण लागली तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करावा. गावपातळीवर ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना लेखी कळवावं.

पोलीस कधी?

चाकू काढून कुणाला जखमी केलं, गांजा सापडला, गावठी कट्टा सापडला, लैंगिक छळाचा प्रकार निघाला, तर शाळेनं आपलं आपण मिटवायचं नाही. पण पोलिसांकडं गेलं म्हणजे मुलगा कोठडीत, असंही नाही. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. त्याला विशेष बाल पोलीस पथक किंवा बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावं लागतं आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढं हजर करावं लागतं. गुन्हा फार गंभीर नसेल आणि त्यात प्रौढ सामील नसेल, तर एफआयआर न करता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडं जातो.

आणि नाव फुटू द्यायचं नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो कोणत्याही माध्यमातून उघड करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. व्हॉट्सअॅप गटावर फोटो टाकून ‘याच्यापासून सावध राहा’ लिहिणाऱ्या पालकांनी आणि यूट्यूबवर बातमी चालवणाऱ्या गावातल्या पोरांनी हे नीट लक्षात ठेवावं.

‘एवढं जपत बसलं तर शिस्त राहील का?’

हा प्रश्न शिक्षकांचा आहे आणि तो मनापासून विचारलेला असतो. शिपाई नाही, लिपिक नाही, वर्गावर एकटा माणूस, त्यात ऑनलाइन माहिती भरायची. छडी गेली, नापास करणं गेलं, आता बोलायचीही चोरी, असं त्यांना वाटतं.

सरसकट कडकपणाचा प्रयोग अमेरिकेनं मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. १९९४ मध्ये तिथं शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष काढून टाकण्याचा कायदा झाला. मूळ कायद्यातही प्रकरण पाहून शिक्षा बदलायची मुभा होती. पण तीच कठोरता पुढं अनेक शाळांनी किरकोळ वस्तूंनाही लावली. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटानं या धोरणाचा आढावा घेतला आणि २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या धोरणामुळं शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

शिस्त टिकते ती शिक्षा ठरलेली आणि सगळ्यांना सारखी असली की. सरपंचाच्या पोराचा फोन संध्याकाळी परत आणि सालगड्याच्या पोराचा परीक्षेनंतर, असं झालं की साठच्या साठ मुलांना नियम म्हणजे काय ते कळतं. वहीतली नोंद शिक्षकालाही वाचवते. ‘साहेब, पोराचा फोन देऊन टाका’ असा वरून फोन आला, तर वही पुढं करता येते.

दुसरी तक्रार अशी की एका गुंड पोरामुळं बाकीच्यांचं नुकसान का. ती खरी आहे. इतर मुलांची सुरक्षितता आधी, यात शंका नाही. धोका असेल तर मुलाला लगेच वर्गाबाहेर घ्यावं, पालकांच्या ताब्यात द्यावं. ही तातडीची पावलं उचलायला चौकशीची वाट पाहायची नसते. कायमचा निर्णय मात्र ऐकून घेतल्यावरच.

कृपाण, हिजाब, तुळशीची माळ

नांदेडचा हजूर साहिब हा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. तिथल्या शाळेत अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शीख मुलाच्या कमरेला कृपाण असलं तर ‘धारदार वस्तू’चा नियम लावायचा का? राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे की कृपाण धारण करणं हा शीख धर्म पाळण्याचा भाग मानला जाईल. कॅनडात एका शाळेनं असंच कृपाण नाकारलं तेव्हा २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सरसकट बंदी रद्द केली. कृपाण म्यानात, कापडात शिवलेलं, कपड्यांच्या आत ठेवायचं अशा अटींवर परवानगीचा मार्ग खुला राहिला. बंदी आणि मोकळीक यांच्यामध्ये अटी घालण्याची वाट असते, हे यातून घेण्यासारखं.

हिजाबचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कर्नाटकच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं विभागली गेली. मुंबईतल्या एका महाविद्यालयाची बंदी उच्च न्यायालयानं उचलून धरली, पण ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपी आणि बॅजपुरती तिला स्थगिती दिली. राखी, गंडा, तुळशीची माळ, मेंदी यांवरूनही दरवर्षी कुठं ना कुठं कुरबूर होते. माझं मत सरळ आहे: ज्या वस्तूनं कुणाला इजा होत नाही आणि शिकवणं अडत नाही, तिच्यासाठी मुलाला वर्गाबाहेर उभं करू नये. एका धर्माच्या खुणेला सूट आणि दुसऱ्याला मज्जाव, हे तर नाहीच.

परीक्षा केंद्रात माप वेगळं

दहावी-बारावीच्या केंद्रात फोन सापडला तर शाळेचे नियम बाजूला राहतात. तिथं मंडळाचे नियम आणि १९८२ चा परीक्षांतील गैरप्रकार प्रतिबंधक कायदा लागू होतो. बीड, परभणी, हिंगोली, जालना हे जिल्हे छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतात. लातूर, नांदेड, धाराशिव लातूर मंडळात. कोणत्या गैरप्रकाराला काय, हे मंडळाच्या शिक्षासूचीत ठरलेलं असतं. संपादणूक रद्द होण्यापासून पुढच्या परीक्षांना बसू न देण्यापर्यंत मजल जाते. फोन बंद होता, वापरला नाही, हा बचाव तिथं फारसा उपयोगी पडत नाही, कारण आत नेणंच निषिद्ध आहे.

तरी अंगझडतीला तिथंही हद्द आहे. जुलै २०२२ मध्ये केरळातल्या कोल्लम जिल्ह्यातल्या नीट केंद्रावर मुलींना अंतर्वस्त्रं काढायला लावल्याची तक्रार झाली. पोलीस प्रकरण झालं आणि त्या मुलींची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांतून नीटला बसणाऱ्या मुलींनी प्रवेशपत्रावरच्या सूचना आदल्या दिवशी वाचून धातूची बटणं, लांब बाह्या, घड्याळ टाळावं. आणि कुणी हद्द ओलांडली तर तिथल्या तिथं केंद्रप्रमुखांकडं लेखी तक्रार करावी.

तक्रार कुठं आणि कशी

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिच्या बैठकीत विषय मांडता येतो. जूनमध्येच ‘बंदी असलेल्या वस्तू आणि त्याबद्दलची कारवाई’ हा विषय घेऊन नियम लिहून घेतले, पालकसभेत वाचून दाखवले, तर पुढची निम्मी भांडणं होत नाहीत. तिथं न्याय मिळाला नाही तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार करता येते. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडं अपील करता येतं.

अर्ज साध्या कागदावर चालतो. वस्तू कोणती, कोणत्या तारखेला घेतली, कुणी घेतली, नोंद दिली का, मुलाला विचारलं का, काय शिक्षा दिली आणि तुम्हाला नेमकं काय हवं आहे, एवढं लिहावं. शिक्षकाबद्दल शिवीगाळ लिहू नये, त्यानं अर्ज दुबळा होतो. दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती घरी जपून ठेवावी. तीन महिन्यांची मुदत मोजताना तीच तारीख दाखवता येते.